यंत्राचे तीन कंठ

केडगाव, अहमदनगर
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय वृषाली,

'प्रिय' हा शब्द मी स्वस्तात वाटत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या नावाआधी तो वसतिगृहाच्या दिवसांपासून आहे. आज टंकयंत्रावर बोटे ठेवली तेव्हा तो अजूनही तंतोतंत लागू पडतो का, हे क्षणभर तपासले आणि मगच लिहिला. पत्र मी स्वतः टंकित केले आहे. कुणाला सांगून लिहवून घेतलेले नाही. एखादे अक्षर चुकलेले आढळले तर अवश्य कळव. आढळणार नाही.

आज कोशमंडळाच्या विश्वस्तांची सभा झाली. सभेपुढे विषय एकच होता: पाली-मराठी बृहत्कोशाचे मुख्य संपादकपद यापुढे डॉ. विजयमाला भिंगारदिवे यांच्याकडे ठेवावे की त्यांना सन्मानाने निवृत्त करावे. काय ठरले ते मी लगेच सांगणार नाही. तसे केले तर तू उरलेले पत्र नुसते चाळशील, आणि जे चाळण्यासाठी असते ते मी लिहीत नाही. तुझ्या मागच्या दोन पत्रांत माझ्या डोळ्यांची चौकशी भरपूर होती, कोशाची मात्र एका ओळीनेही नव्हती. एरवी तू नेमके उलट करतेस. म्हणून कोशाचे वर्तमान मीच क्रमाने सांगते.

डोळ्यांचा विषय आधी संपवू. काचबिंदूने कडेचे सारे नेले, मधले ठेवले. नळीतून पाहावे तसे मी जग पाहते, आणि खरे सांगायचे तर जगात पाहण्याजोगे जे थोडे आहे ते त्या नळीत मावते. हस्तलिखिताची ओळ भिंगाखाली धरली तर कार्यालयातल्या कुणाहीपेक्षा मी ती आधी लावते. पण संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात नवे टपाल आल्याचे पिटुकले पाकीट उमटले, तर ते त्या कोपऱ्यात उमटले काय आणि पाथर्डीच्या एस.टी. स्थानकावर उमटले काय, मला सारखेच. आणि आमचा सगळा पत्रव्यवहार आता त्या पाकिटावर चालतो. कोलंबोचे भन्ते, ज्यांच्या संमतीवाचून एकही शंकास्पद नोंद मी छापखान्याकडे जाऊ देत नाही, लाइपझिगचे प्राध्यापक, पुण्याचा छापखाना, सगळे या तारेवरून बोलतात.

म्हणून उन्हाळ्यात मी एक व्यवस्था बसवली. टपालाच्या प्रोग्रामात अशी सोय असते की नवे पत्र आले की यंत्राने आवाज करावा. मी ती सुरू केली. सकाळी आणि दुपारी यंत्र आपण होऊन फोन लावी, पत्रे उतरवून घेई, आणि मेजावरच्या दोन स्पीकरांतून स्वच्छ टणत्कार होई. मग मी आमची उपसंपादक सीमा हिला हाक मारी. ती वाचून दाखवी, मी उत्तर सांगे. सीमाचे उच्चार उत्तम आहेत. विरामचिन्हांच्या बाबतीत मात्र ती तुझ्याच वळणाची आहे, स्वल्पविराम मीठ टाकल्यासारखा अंदाजाने टाकते. असो. व्यवस्था इतकी निर्दोष होती की मला डोळ्यांची आठवणही राहिली नव्हती.

दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे मी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेले. परतले, कामाला बसले, आणि टपाल थांबले. सकाळ शांत, दुपार शांत. मी समजले, वर्षावास संपत आला आहे, भन्ते समाप्तीच्या विधीच्या, पवारणेच्या, गडबडीत असतील. लाइपझिगवाले सुट्टीवर गेले असतील. प्रत्येक शांततेला एक विद्वत्तापूर्ण कारण सापडते. प्रत्यक्षात पत्रे येत होती आणि पेटीत निमूट पडत होती. भन्त्यांनी एका नोंदीचा अर्थ मूळ पोथीच्या आधारे बदलून कळवला होता आणि ती छापू नये असे बजावले होते. ते पत्र सीमाला अपघातानेच दिसले, तोवर त्या नोंदीचा फर्मा छापून झाला होता. सोळा पाने रद्दीत गेली. माझ्या नावाखाली चुकीचा अर्थ छापला गेला, मग तो कुणी वाचला नसला तरी काय झाले? मला तीन दिवस जेवण गोड लागले नाही.

काकासाहेबांना मात्र या घटनेत ते कधीचे शोधत असलेले निमित्त सापडले. काकासाहेब म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त वकील. माणूस सज्जन, पण युक्तिवाद करण्याआधी निकाल लिहून ठेवणारा. स्वतः कार्यालयात आले, खुर्ची जवळ ओढून घेतली आणि आजाऱ्याशी बोलावे तशा आवाजात म्हणाले, "बाई, दोष तुमचा नाही, वयाचा आहे. डोळ्यांना अजून किती राबवायचं? पुढच्या सभेत छान समारंभ करू, शाल देऊ, फोटो काढू." मी त्यांच्याहून बऱ्याच वर्षांनी लहान आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. "तसं नव्हे हो," ते म्हणाले, "पण टपाल कळलं नाही, हे तर खरं ना?" मी म्हणाले, "टपाल मला डोळ्यांनी कधीच कळत नव्हते, काकासाहेब. ते कानांनी कळत होते. कानांना काय झाले एवढे मला सभेपर्यंत शोधू द्या. सापडले नाही तर समारंभाला मी स्वतः हार घेऊन येईन." ते हसले. हसावे असे त्यात काही नव्हते.

मग योगेशला बोलावले. योगेश हा नगरातला संगणक-दुरुस्तीवाला. गळ्यात टाय बांधतो, बूट दाराबाहेर काढतो आणि यंत्रापुढे बसल्याबरोबर एकच औषध सुचवतो. त्याने तासभर निरनिराळे चौकोन उघडले आणि मिटले, दोन ठिकाणच्या खुणा काढल्या, तीन ठिकाणी घातल्या, जागा अडते म्हणून काही फायली पुसल्या. यंत्राने फोन लावायला घेतला तशी त्या फोनच्या डबीतून नेहमीची किंकाळी निघाली. "आवाज येतोय की मॅडम! हे काय, ऐका ना." मी म्हणाले, हा तार जोडली जातानाचा आवाज आहे, टपालाचा नव्हे. त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. आतून 'टूं' झाले. "हा बघा, हाबी आला. मंजे साउंड ओक्के हाय." एवढे करून टपाल मुकेच, हे त्यालाही मान्य करावे लागले, तेव्हा त्याने औषध काढले: "फॉरमॅट मारू का? समदं पुसून नवं टाकू." त्या यंत्रात तिसऱ्या खंडाच्या नोंदी आहेत, वृषाली. मी विचारले, "तुझ्या आजीला ऐकू येईनासे झाले तर तिची सगळी स्मृती पुसून टाकशील का?" तो मान खाजवत म्हणाला, "तसं न्हाई मॅडम, पण आजीला फॉरमॅटच नस्तं." त्याला चहा दिला आणि निरोप दिला. माझ्या यंत्राला त्यानंतर त्याचा हात लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बसले. सीमा पडद्यावरचे वाचून सांगत होती, निर्णय माझे. तुला यंत्रांचे भय आहे, म्हणून सांगते: पोथीची परंपरा लावण्यापेक्षा हे सोपे असते. पाठ भ्रष्ट असेल तर कोणत्या लेखकाच्या हातून कोणता दोष शिरला ते आधी वेगळे करायचे. योगेशने घातलेले दोष पहिल्यांदा उपसले. टपाल आल्यावर आवाज करावा की नाही, या प्रश्नापुढची खूण त्यानेच काढून ठेवली होती. ती पुन्हा घातली. जो आवाज करायचा त्याची फाईल त्यानेच पुसली होती. मूळ तबकडीवरून ती परत आणली. पडद्याच्या तळाशी लहानशा कर्ण्याचे चित्र असते. त्यावर फुली होती, तीही काढली. म्हणजे आता पाठ दसऱ्याच्या आधी होता तसा झाला. तरीही मौन.

इथे मी थांबले आणि योगेशच्या त्या 'टूं'चा विचार केला. आवाज येतो, असे तो म्हणत होता, आणि तो खोटे बोलत नव्हता. तो फक्त नेमके ऐकत नव्हता. या यंत्राला तीन कंठ आहेत. एक पेटीच्या पोटात, जो सुरू होताना 'टूं' म्हणतो आणि एरवी गप्प असतो. दुसरा फोनच्या डबीत, तो किंचाळतो. तिसरा मेजावरच्या स्पीकरांचा, आणि गाणे, सूचना, टपालाची हाक हे सगळे याच तिसऱ्या कंठातून निघते. मी सीमाला यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितले. सुरू होताना स्पीकरांतून जे चार स्वर निघतात, तेही निघाले नाहीत. एवढे पुरे होते. टपालाच्या प्रोग्रामाकडे मी त्यानंतर पाहिलेही नाही. ज्या घरात कोणीच बोलत नाही, तिथे एकट्या सुनेला मुकी ठरवू नये.

मग माझ्या वॉकमनचा हेडफोन काढला, ज्यावर मी सुत्तपठण ऐकते, आणि तो यंत्राच्या पाठीमागे, जिथे स्पीकरांची तार खोचलेली असते, तिथे खोचला. टणत्कार! स्वच्छ, उन्हाळ्यातलाच. म्हणजे यंत्र बोलत होते. स्पीकरच ते बाहेर पोचू देत नव्हते. स्पीकरांचा दिवा लागत होता, बटण फिरत होते. एका स्पीकरच्या समोरच्या बाजूला हेडफोनसाठी एक बारीक छिद्र असते. त्यात हेडफोनची दांडी गेली की स्पीकर आपण होऊन गप्प होतात, अशी त्याची रचना आहे: ऐकणारा एकटा असेल तर खोलीला कशाला ऐकवायचे? मी दांडी त्या छिद्रात घातली. ती अर्ध्यावर अडली. बोटाला कळले, आत काहीतरी किरकिरते आहे.

विजेची तार काढली, अंबाड्यातला आकडा काढला आणि सीमा "बाई, जपून" म्हणेपर्यंत मी ते बाहेर आणले होते. तांदळाचा दाणा. भिंगाखाली धरला. त्याला कुंकू होते.

वृषाली, तो क्षण मी कुणाला देणार नाही. आत बसलेल्या त्या एका अक्षतेमुळे स्पीकर महिनाभर समजत होते की बाई हेडफोन लावून एकट्याच ऐकताहेत. माझे डोळे, माझे वय, माझे काचबिंदूचे थेंब, यांतल्या कशाचाही त्या रद्दी झालेल्या सोळा पानांशी काही संबंध नव्हता.

आता हे समजून घे की संगणक आला त्या दिवशीच मी आज्ञा काढली होती: या यंत्राला हळद, कुंकू, फूल, नारळ काहीही नाही. माझा धम्म वेगळा म्हणून, हे तर आहेच. पण त्याहून आधी, यंत्राला पूड आणि पाणी चालत नाही म्हणून. गोरक्षनाथाला, आमच्या शिपायाला, आत बोलावले आणि दाणा कागदावर ठेवून त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो लगेच ओळखला. मग म्हणाला, "बाई, खंडेनवमी हुती. तुमी नागपूरला गेल्ता. टंकयंत्राला वाह्यलं, कपाटाला वाह्यलं, बाइंडिंगच्या दाबाला वाह्यलं. मंग एकट्या त्याला कसं सोडायचं? त्यो रुसला आस्ता." मी म्हणाले, तो रुसलाच की. "व्हय," तो म्हणाला, "पर ते पुजलं म्हनून." मी विचारले, मला सांगितले का नाहीस? "तुमी रागावनार म्हनून समदं पुसून काढलं. फूल काढलं, हळद पुसली, उदबत्तीची राख बी फुकली. येक दाना ऱ्हायला." आणि नारळ कुणी फोडला? इथे गोरक्षनाथाचा आवाज अगदी खाली गेला. "सायेबांनी. काकासायेबांनी. आरती बी त्यांनीच म्हनली."

मी त्याला जे बोलायचे ते बोलले, आणि ते थोडक्यात नव्हते. पूजा केली याहून ती पुसली, हा अपराध मोठा. करून सांगितले असते तर पहिल्याच सकाळी मी ते छिद्र तपासले असते. सीमा दारातून म्हणाली, "बाई, तुम्हाला सांगायला वाघाचं काळीज लागतं." मी म्हणाले, वाघाचे नको, मंडळाच्या नोकराचे तरी असावे. तिने तोंडावर पदर घेतला. गोरक्षनाथाने त्या दुपारी स्पीकर, पेटी, तारा असे सगळे कोरड्या फडक्याने पुसून काढले आणि मग स्वतःहून विचारले, "बाई, अजून काय करू?"

त्याला काम होतेच. टणत्कार परत आला होता, पण एवढ्यावर समाधान मानणारी मी नव्हे. पत्र आले हे कळून काय उपयोग? कुणाचे आले हेही कळले पाहिजे. प्रोग्रामात शोधले तर तीही सोय निघाली: पाठवणाऱ्याच्या पत्त्यानुसार पत्र वेगळे काढता येते आणि प्रत्येकाला वेगळा आवाज देता येतो. आवाजही आपले आपण ध्वनिमुद्रित करता येतात. कोलंबोसाठी काशाच्या वाटीवर पेन्सिलीचा एक ठोका. तो लांबवर रेंगाळतो, भन्त्यांच्या वाक्यांसारखा. लाइपझिगसाठी भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतानाची करकर. पुण्याच्या छापखान्यासाठी गोरक्षनाथाने आपल्या सायकलची घंटी सोडवून आणली आणि एस.टी.च्या कंडक्टरसारखी दोनदा वाजवली, कारण छापखानाही निघाल्याची घंटा देतो आणि पोचत मात्र कधीच वेळेवर नाही. विश्वस्तांना ई-मेल करता येत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न उद्भवला नाही. मग पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून पत्र कुणाचे ते सांगायचे, अशी चाचणी सीमाने दिली आणि मीही. ती एकदा चुकली. मी एकदाही नाही.

आता आजची सभा. मी आत गेले तेव्हा नव्या लोकरीचा वास आला. म्हणजे शाल आणून ठेवली होती. नारळही असणार. काकासाहेबांनी भाषण सुरू केले. बाईंनी या कोशासाठी काय काय केले, याची त्यांनी सांगितलेली यादी बरीच अपुरी होती, पण मी मध्ये बोलले नाही. ते "बाईंनी आपले डोळे या कार्याला वाहिले" इथवर आले, आणि शेजारच्या मेजावरून काशाच्या वाटीचा ठोका झाला. मी हात वर केला. "क्षमा करा. कोलंबोहून भन्त्यांचे उत्तर आले आहे." छगनराव म्हणून आमचे एक विश्वस्त आहेत, शेतकरी, नगरच्या बाजारातले जुने आडते, बोलायला खणखणीत. ते म्हणाले, "कशावरनं?" मी म्हणाले, "ऐकण्यावरून." सीमाने पाहिले. कोलंबोच. दुसऱ्या खंडातल्या शेवटच्या शंकेचे उत्तर, आणि माझ्या अर्थाला पूर्ण संमती. मी बसल्या जागेवरून भन्त्यांना उत्तर सांगितले, सीमाने टंकले. "योगायोग असंल," छगनराव म्हणाले. त्यांचे वाक्य संपते तोच सायकलची घंटी दोनदा वाजली. "पुण्याचा छापखाना," मी म्हणाले, "शेवटचा फर्मा चालवू का, असे विचारत असणार." सीमाने वाचले. शब्दशः तेच. मी म्हणाले, त्यांना कळव, चालवा.

काकासाहेबांनी भाषणाचा कागद मेजावर उलटा ठेवला. "पण मग ऑक्टोबरात..." असे त्यांनी सुरू केले. मी पर्समधून पांढऱ्या कागदाची घडी काढली, उलगडली, दाणा मध्ये ठेवला आणि माझे भिंग त्यांच्याकडे सरकवले. "ऑक्टोबरात हे स्पीकरच्या आत होते. महिनाभर आवाज यानेच कोंडला होता. हे नागपूरहून आलेले नाही; मी तिथून अक्षता आणत नाही. नारळ कुणी फोडला, आरती कुणी म्हटली, हे मी सभेला विचारत नाही." दाराशी गोरक्षनाथ चहाचे तबक घेऊन उभा होता. त्याचे नाव मी घेतले नाही. घेणार नव्हतेच. भिंग न उचलताच काकासाहेब इतके खोकले की छगनरावांनी मांडीवर थाप मारली: "काकासाहेब, दाना तर तुमच्याच घरचा निघाला की!" मग सगळेच हसले, आणि शेवटी काकासाहेबही हसले. माणूस सज्जन आहे, हे मी आधीच लिहिले आहे.

ठराव छगनरावांनी मांडला: तिसरा खंड पूर्ण होऊन छापून येईपर्यंत मुख्य संपादक बाईच. विरोधात एकही हात नाही. काकासाहेब शाल मेजाखाली सरकवू लागले. मी म्हणाले, "आणली आहे तर द्या. निरोपाची म्हणून नको. थंडी सुरू झाली आहे." ती शाल पांघरूनच मी हे टंकते आहे. रंग भडक आहे असे सीमा म्हणते. असू दे.

आता सभेचा जो शेवट इतिवृत्तात येणार नाही तो, आणि या पत्राचे कारण. भन्त्यांना लिहिलेले उत्तर पाठवण्यासाठी सीमाने फोन पुन्हा लावला, आणि उत्तर घेऊन गेलेली तार येताना काहीतरी घेऊन आली. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमच्याचे तीन ठोके. तुझ्यासाठीही मी एक आवाज ठेवला होता. तो तुला सांगितला नव्हता. वसतिगृहात चहा झाला की तू भिंतीपलीकडून असेच वाजवायचीस. "हे काय, चहा आला का?" छगनरावांनी विचारले. मी अभिमानाने म्हणाले, "नाही, ही पुण्याची डॉ. वृषाली. माझी मैत्रीण." आणि काकासाहेबांच्या तोंडून निघून गेले, "त्यांचा होकार? एवढ्यात? मी तर म्हटलं होतं, सभा झाल्यावर कळवा..." मग ते थांबले.  माझ्या जागेसाठी तुला विचारताना त्यांनी उत्तरासाठी मंडळाचाच पत्ता दिला होता, कारण बाईंना दिसत नाही हे सर्वांना ठाऊक होते; ऐकू येते, हे कुणी हिशेबात धरले नव्हते. मी दाणा कागदात परत गुंडाळला; घड्या किती घातल्या ते सीमाला विचार. माझ्या मते फार नाहीत. मग म्हणाले, "काकासाहेब, निवड तुम्ही उत्तम केलीत. पद फक्त चुकले." आणि तिथल्या तिथे दुसरा ठराव मी मांडला: तिसऱ्या खंडासाठी सहसंपादक म्हणून डॉ. वृषाली यांना निमंत्रण द्यावे. तोही एकमताने झाला. तुझे पत्र मी उघडू दिलेले नाही. सीमा "वाचू का?" म्हणाली, मी नाही म्हणाले. त्यात काय आहे हे मला ठाऊक आहे, आणि जे पद रिकामे नाही त्याचा होकार मला दुसऱ्याच्या आवाजात ऐकायचा नाही. तू मला आधी का सांगितले नाहीस, हे विचारण्यासाठीही हे पत्र नाही. त्याचे उत्तर तुझ्याकडे असेल, ते समोर बसून दे. कार्यालयाचे टपाल अडवणे माझ्या तत्त्वात बसत नाही. सोमवारी सकाळी कार्यालय उघडले की ती पेटी काकासाहेबांपुढे उघडली जाईल. सीमा उद्या सकाळच्या एस.टी.ने पुण्याला येते आहे, ती हे पत्र तुझ्या हातात देईल. म्हणजे सोमवारपर्यंत तुझ्याकडे एक अख्खा दिवस आहे. पहिले मागे घेणारे दुसरे पत्र लिही. छोटे लिही, तळटिपा नकोत. मला तिसऱ्या खंडाला तू हवी आहेस: माझ्या जागी नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, कारण माझ्याशी भांडताना ज्याचा संदर्भ बरोबर असतो असे माणूस मला या जिल्ह्यात दुसरे भेटलेले नाही. सोमवारी यंत्र फोन लावेल तेव्हा मी मेजाशी, पडद्याकडे पाठ करून बसलेली असेन, आणि झाकणावर चमचा वाजला तर तुझे उत्तर सगळ्यांच्या आधी मला कळेल.

तुझीच, आणि ठरावानुसार अजूनही मुख्य संपादक,
विजयमाला